पेंडिंगमधलं लग्न

माझ्या सासूबाईंना शेवटपर्यंत कळलं नाही की सून नेमकं काय काम करते. शेजारणींनी विचारलं की त्या सांगायच्या, "फोटोच्या दुकानात जाते. तिथं काहीतरी दाबते." घरात सगळे हसायचे, मीही हसायचे. पण आता निवृत्त झाल्यावर कुणी विचारलं तर याहून नेमकं उत्तर माझ्याकडेही नाही. बुऱ्हाणपूरच्या एका कलर लॅबमध्ये माझी उमेदीची सगळी वर्षं गेली, आणि तिथं मी फाइली दाबत होते.

लॅबमध्ये गावोगावचे फोटोग्राफर यायचे. जसोंडीहून, असीरगडहून, तापीच्या पलीकडून. लग्नसराईत कॅमेऱ्यातली कार्डं रुमालात बांधून आणायचे आणि काउंटरवर शेंगदाण्यांसारखी ओतायचे. त्यातून आम्ही अल्बम करायचो, व्हिडिओ एडिट करायचो. हे सगळं ज्या एका मोठ्या कॉम्प्युटरवर साठायचं तो सर्व्हर मागच्या खोलीत होता. त्याला एसी होता आणि आम्हा माणसांना पंखा. त्या सर्व्हरवर फाइली दाबून त्यांची गाठोडी बांधणारा एक प्रोग्राम होता आणि तो माझ्या ताब्यात होता. तो बसवायचा, नवा आला की बदलायचा, काय बांधायचं, कुठल्या डिस्कवर ठेवायचं आणि काय पुसायचं, हे मी बघायचे. फोटोग्राफर मला 'झिपवाली दीदी' म्हणायचे. सुरुवातीला राग यायचा, नंतर कुणी निर्मलाताई म्हटलं की मीच मागे वळून बघायचे, कोण बाई आली म्हणून.

ज्यांचा या कामाशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. लग्नपत्रिका घ्या. तिच्यात 'श्री.' आणि 'सौ.' किती वेळा येतं? प्रोग्राम ते एकदाच लिहून घेतो आणि पुढे नुसती खूण करून ठेवतो, की इथंही तेच, तिथंही तेच. जे पुन्हा पुन्हा येतं त्याचीच जागा वाचते. गाठोडं उघडलं की अक्षरन् अक्षर जागच्या जागी. जिनिंगमध्ये कापूस दाबून गाठ बांधतात तसंच हे. गाठ सोडा, कापूस तेवढाच. पण दाबायची दुसरीही तऱ्हा आहे, ती मोबाइलवाले करतात. ती म्हणजे दुधाचा मावा. जागा कमी लागते, चवही लागते, पण त्या माव्याचं पुन्हा दूध होत नाही. आमच्या गावाला मावा-जिलेबी कळते, त्यामुळे हा फरक मला कुणाला दोनदा सांगावा लागला नाही.

एका माणसाला मात्र सांगावा लागला. केळीचे एक मोठे व्यापारी होते, मुलीच्या लग्नाचे फोटो सुरतला पाठवायचे होते. मी गाठोडं करून दिलं. त्यांनी स्क्रीनवर फाइलच्या आकाराचा आकडा बघितला आणि म्हणाले, "दीदी, अजून थोडं दाबा ना. ट्रकमध्ये केळी भरताना माणूस वर चढून दाबतो की नाही?" मी सांगितलं की शेठ, हे एकदा दाबलं की झालं. पटेना. शेवटी त्यांच्यासमोर गाठोड्याचं गाठोडं केलं, तर ते मूळच्यापेक्षा किंचित मोठंच भरलं. ते बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिले आणि म्हणाले, "म्हणजे जास्त दाबलं की फुगतं. आमच्या घरी पण असंच आहे." त्यांच्या घरी काय होतं ते मी विचारलं नाही.

खरी गोष्ट अशी की कॅमेऱ्यातून फोटो आणि व्हिडिओ येतात तेच मावा होऊन. त्यांना बांधून जागा फारशी वाचत नाही. तरी आम्ही बांधायचो, कारण एका लग्नाचे सुटे तुकडे सर्व्हरवर इकडेतिकडे पडले की हरवतात. गाठोडं बांधताना प्रोग्राम सगळ्याची मोजदाद करून शिक्का मारतो. पुढे कधी उघडलं आणि आत कणभर फरक पडला असेल तर तो सांगतो. म्हणून माझा एक नियम होता. बांधलेलं गाठोडं तपासून बघितल्याशिवाय मूळ फाइल पुसायची नाही. आमचे मालक, म्हणजे शेठ, घाई करायचे, "दीदी, जागा करा, जागा करा." मी ऐकायचे नाही. तपासलेलं एकही गाठोडं माझ्या हातून खोटं निघालं नाही, याचा मला अजून अभिमान वाटतो.

आता या कामातली दुसरी बाजू सांगते, जी मी नोकरीला लागले तेव्हा मला कुणी सांगितली नव्हती. लग्नाच्या लॅबमध्ये सगळ्यात घाईचं गिऱ्हाईक असतं ते मयताच्या घरचं. माणूस गेला की दहा-बारा दिवसांत, गंधमुक्तीच्या कार्यापर्यंत, भिंतीवर फोटो लागावा लागतो. आणि घरात शोधायला लागलं की कळतं, गेलेल्या माणसाचा धड एक फोटो नाही. मग घरचे आमच्याकडे यायचे. पुतण्याच्या लग्नात होते, भाचीच्या हळदीत होते, बघा ना दीदी. मी ते गाठोडं सोडायचे आणि आम्ही दुसऱ्याच्या लग्नाच्या गर्दीत त्यांचा माणूस शोधायचो. शहापूरकडची एक म्हातारी होती, फोटो म्हटलं की पदर ओढून घ्यायची. तिचा एकच फोटो सापडला, पंगतीत वाकून भात वाढतानाचा. मुलगा म्हणाला, असाच लावा, आई घरात अशीच दिसायची. भातासकट फ्रेम केली आम्ही. अशा फ्रेमा मी इतक्या बघितल्या की पुढे लग्नाचं गाठोडं बांधताना गर्दीतल्या म्हाताऱ्या चेहऱ्यांकडे माझं आपोआप लक्ष जायचं. ते वाईट वाटायचं, पण सवय लागली ती लागलीच.

चेहऱ्यांचं हे असं जमून जायचं. आवाजाचं मात्र जमलं नाही, आणि तेच मला आज सांगायचं आहे.

बुधवारा भागात, आमच्या मागच्या गल्लीत, महाजन सर राहायचे. मराठी शाळेत गणित शिकवायचे आणि गावाच्या लग्नांत मंगलाष्टकं म्हणायचे. कुणी नेमलेलं नव्हतं, पण सरांशिवाय लग्न लागल्यासारखं वाटायचं नाही. मानाचं टॉवेल-टोपी-नारळ घ्यायचे, बाकी काही नाही. आवाज गोड होता असं मी म्हणणार नाही. जाड होता, जरा घोगराच. पण वधूवरांची, त्यांच्या आजी-आजोबांची नावं ते अशी गुंफायचे की मांडवातल्या शेवटच्या खुर्चीवरचा माणूसही गप्प व्हायचा. शेवटचं 'सावधान' ते इतकं लांबवायचे की बँडवाले काठ्या हातात धरून थांबून राहायचे. गायच्या आधी त्यांना घोटभर पाणी लागायचं आणि ते महाजन वहिनींच्याच हातचं. वहिनी स्टीलचा पेला घेऊन स्टेजच्या पायरीशी उभ्या असायच्या. आमच्या गल्लीतल्या बायका त्यावरून त्यांची थट्टा करायच्या, "नवरीपेक्षा तुमचीच लगबग जास्त." वहिनी लाजायच्या नाहीत. स्वतःच्या नवऱ्याला त्या इतरांसारखंच 'सर' म्हणायच्या.

माझ्या लग्नातही सरांनीच म्हटली होती. माझ्या लग्नाची कॅसेट आहे, तिच्यात सर दिसतात. तोंड हलताना दिसतं आणि वाजते ती शहनाई.

इथंच आमच्या धंद्याची मेख आहे. व्हिडिओ एडिट करताना पहिलं काम म्हणजे मांडवातला आवाज पुसायचा. जनरेटरची धडधड, पोरांची रडारड, "अरे पंखा इकडं फिरव," हे कुणाला हवं असतं? कॅसेटच्या काळात शहनाई टाकायचे, पुढे सिनेमाची गाणी टाकायला लागले. एकदा एका लग्नात चुकून आवाज राहून गेला आणि वरमाईची बहीण स्वयंपाकाला नावं ठेवते ते सगळ्या पाहुण्यांनी टीव्हीवर ऐकलं. मोठं भांडण झालं. तेव्हापासून शेठनी हुकूमच काढला, एकाही लग्नात खरा आवाज ठेवायचा नाही. गिऱ्हाइकाचीही तीच मागणी असायची. मूळ चित्रीकरणात आवाज असायचा, पण अल्बम आणि व्हिडिओ घरच्यांनी नेला की ते मूळ पुसलं जायचं. तेवढी जागा कुणाकडेच नव्हती.

सर गेले ते थंडीत. सकाळी शाळेच्या मैदानावर फिरायला गेले, बाकावर बसले आणि उठले नाहीत. त्यांच्या गंधमुक्तीसाठी फोटो शोधायला फारसे कष्ट पडले नाहीत. प्रत्येक लग्नात ते होतेच, माइकसमोर, डोळे मिटून. उघड्या डोळ्यांचा शोधायलाच काय तो वेळ लागला.

त्यानंतर वर्षश्राद्ध झालं आणि पुढच्या उन्हाळ्यात एका दुपारी वहिनी लॅबमध्ये आल्या. काउंटरवर न थांबता सरळ मागे माझ्या खोलीत आल्या आणि खुर्चीवर बसल्या.

"निर्मला, तुझ्याकडं साऱ्या गावाची लग्नं आहेत ना?"

"आहेत, वहिनी."

"मग त्यात सर पण असतील."

मला वाटलं फोटो हवा आहे. म्हटलं, हवे तेवढे काढून देते. त्यांनी मान हलवली.

"फोटो नाही. आवाज पाह्यजे. रेखाचं जमलं. दिवाळीनंतरचं लग्न आहे. सर नेहमी म्हणायचे, साऱ्या गावाच्या पोरी उजवल्या, माझ्या पोरीची मंगलाष्टकं मीच म्हणणार, दुसऱ्या कोणाला माइक देणार नाही. आता ते तर नाहीत. पण त्यांचा आवाज भेटला तर तोच लावू. रेखा म्हणते मशीनवर लावता येतो."

रेखा त्यांची एकुलती एक. मी विचारलं, घरी काही टेप, मोबाइलमध्ये काही? नव्हतं. सरांकडे साधा फोन होता. लोकांच्या मोबाइलमध्येही नव्हतं, त्याचं कारण वहिनींनीच सांगितलं. "मंगलाष्टकाच्या टायमाला साऱ्यांच्या हातात अक्षता असतात, निर्मला. मोबाइल कोण धरीन? एका पोरानं केलं होतं, त्यात नुसता बँड ऐकू येतो." त्या घरोघर विचारून आल्या होत्या. लोकांनी प्रेमाने आपापले व्हिडिओ लावून दाखवले होते. सगळीकडे सर दिसत होते, आणि सगळीकडे गाणी वाजत होती.

"ते गाणं तुम्हीच टाकता ना? मग ते काढून टाक. खाली सरांचा आवाज असंन."

गाण्याखाली आवाज नसतो, हे मला त्यांना सांगावं लागलं. रंग खरवडला की खालची भिंत दिसते तसं हे नाही. आवाज आधी पुसतात, मग गाणं टाकतात.

"म्हणजे इतक्या लग्नांत म्हटलं त्यांनी, आन् एकात पण नाही ते?"

आयुष्यभर मी जे जपून ठेवलं म्हणत होते, त्यात हे नव्हतं. मला त्या शहनाईची शिसारी आली.

मग मला पेंडिंग आठवलं. ज्यांचा व्हिडिओ तयार झाला पण न्यायला कुणी आलंच नाही, अशी लग्नं आम्ही वेगळी ठेवायचो. घरच्यांनी माल नेईपर्यंत मूळ चित्रीकरण पुसायचं नाही, असा रिवाज होता. आता लग्नाचा व्हिडिओ कोण नेत नाही? ज्यांचं लग्न मोडलं ते. थोडक्यात, सुखाने नांदलेल्या सगळ्या लग्नांचा आवाज आम्ही पुसून टाकला होता आणि मोडलेल्यांचा तेवढा राखला होता. मी वहिनींना हे सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, "मग त्यातलं पाह्य. मोडलं ते नंतर. मंगलाष्टकं तर झाली असतील ना?"

पेंडिंगमधली नावं मी वाचत गेले. वहिनींना सगळी लग्नं तोंडपाठ. याच्यात सर नव्हते, याच्यात पाहुण्यांनी आपला माणूस आणला होता. जसोंडीची मनीषा हे नाव आलं आणि त्यांनी माझा हात धरला. "याला मी होते. केळीच्या बागेला लागून मांडव होता. हिचे वडील सरांचे विद्यार्थी. सरांनी म्हटली यात."

मला उघडायची घाई झाली होती, पण ते लग्न दुसऱ्याचं होतं. गाठोड्यात काय काय असतं ते मला माहीत आहे. मी मनीषाचा नंबर मिळवला. ती माहेरीच राहून शिवणकाम करते. मी कोण, कशासाठी फोन केला ते सांगितलं. पलीकडे शिलाई मशीन चालू होतं ते थांबलं.

"ते अजून आहे तुमच्याकडं? मला वाटलं, पुसलं असंन."

"तुम्ही नाही म्हणालात तर मी उघडणार नाही," मी म्हटलं.

तिने कात्री खाली ठेवल्याचा आवाज आला. मग म्हणाली, "सर घरी आले होते माझ्या, सारं झाल्यावर. काहीच बोलले नाही. बाबांजवळ बसले, चहा पिला आन् गेले. उघडा ताई. त्या लग्नातून कोणाला तरी काही भेटू द्या." आणि मशीन पुन्हा सुरू झालेलं मला ऐकू आलं.

मोठं लग्न एका गाठोड्यात मावत नाही, त्याचे भाग करतात आणि जिथं जागा असेल तिथं ठेवतात. मनीषाच्या लग्नाचा पहिला भाग एका डिस्कवर होता, बाकीचे दुसऱ्या. ती दुसरी डिस्क मी जोडली आणि तिच्यातून नुसती टकटक ऐकू आली. मधल्या एका उन्हाळ्यात वीज सारखी जायची-यायची, एसी बंद पडायचा, त्यात कधीतरी तिने जीव सोडला असणार. पेंडिंगची डिस्क कोण लावून बघतंय? गाठोडं बांधताना मी थोडीशी जादा माहिती भरून ठेवायचे. एखादा कोपरा खराब झाला तर प्रोग्राम तिच्यावरून तो पुन्हा विणून काढतो. पण इथं अख्खे भागच गेले होते. आभाळच फाटलं, ठिगळ कुठे लावणार? तरी मी डिस्क इंदूरला पाठवली, तिथं अशा डिस्क उघडणारा एक माहितगार आहे. त्याचा फोन आला, "दीदी, प्लेट ही घिस गई है. इसमें अब कुछ नहीं बचा."

तेवढ्या दिवसांत वहिनी अधूनमधून येऊन बसायच्या. "इंदूरचं काय झालं?" एवढंच विचारायच्या आणि डब्यातून आणलेलं काहीबाही माझ्यापुढे ठेवायच्या. मला तो घास गोड लागायचा नाही.

राहिला होता पहिला भाग. त्यातले सुरुवातीचे तुकडे सुटतील एवढी आशा होती. मी ते सोडवले आणि एकेक बघत गेले. मांडव, आंब्याची पानं, पाहुणे, पाय धुणं, आणि मनीषा, जिच्याकडे मी फार बघितलं नाही. शेवटच्या तुकड्यात अंतरपाट धरलेला आहे. कॅमेरावाला स्टेजच्या अगदी जवळ उभा आहे. खाली बँड जोरात वाजतो आहे. सर माइक हातात घेतात, फुंकर मारून बघतात. मग माइक बाजूला धरून बायकांच्या बाजूला मान वळवतात आणि म्हणतात, "अगं... अगं ए, पाणी दे गं थोडं."

कुणी येत नाही. सर पुन्हा बघतात. भटजी स्वतःची बाटली पुढे करतात, सर हातानेच नको म्हणतात. मग बँड थांबतो. सर डोळे मिटतात, छाती भरून श्वास घेतात, आणि तुकडा संपतो. पुढचा तुकडा हरवलेल्या भागात होता. स्क्रीनवर प्रोग्रामचा निरोप आला, गाठोडं अपुरं आहे.

मी हेडफोन काढला आणि रडले. सर्व्हरच्या घरघरीमुळे बाहेर कुणाला ऐकू गेलं नाही. गाणं मिळालं नाही म्हणून रडले, की ते पाणी मिळालं नाही म्हणून, हे मला तेव्हाही कळलं नाही. वहिनींना हे दाखवावं की नाही, याचा मी पुष्कळ विचार केला. काहीच निघालं नाही असं सांगणं सोपं होतं. पण मागायला आलेल्या माणसाला आत आहे ते नाही म्हणून सांगायचं, हे मी कधी केलं नव्हतं.

"गाणं नाही निघालं, वहिनी," मी म्हटलं. "पण सर आहेत. थोडेसेच आहेत."

त्या माझ्या खुर्चीवर बसल्या. मी त्यांच्या कानांवर हेडफोन लावला. कानांवर हेडफोन असला की माणसाला स्वतःचा आवाज कळत नाही, तो मोठ्याने बोलतो. वहिनी पदराचं टोक मुठीत धरून बघत होत्या. सरांनी मान वळवली, पाणी मागितलं, आणि वहिनी एकदम म्हणाल्या, "आले, आले." म्हणता म्हणता त्या अर्ध्या उठल्यादेखील. हेडफोनची वायर ताणली गेली. बाहेर एडिटिंगला बसलेली माणसं वळून बघायला लागली.

त्या पुन्हा बसल्या. हेडफोन काढून मांडीवर ठेवला.

"मला त्या दिवशी ऐकूच नाही आलं, निर्मला. बँड वाजू राह्यला होता. मी नवरीच्या आजीजवळ बसली होती. पेला भरून ठेवला होता मी, जवळच होता." मग म्हणाल्या, "घरी येताना बोलले पण नाहीत मला. मी विचारलं, आज आवाज बसल्यासारखा का वाटत होता? तर म्हणे, काही नाही, धूळ होती." थोड्या वेळाने त्यांनी विचारलं, "भटजीचं पाणी नाही घेतलं ना?"

"नाही घेतलं."

"नाहीच घेणार," त्या म्हणाल्या. "परत लाव."

मी परत लावलं. मग पुन्हा लावलं. शेवटी मी त्यांना फक्त कळ दाबायला शिकवली आणि बाहेर जाऊन उभी राहिले. ती मूळ क्लिप मी न दाबता, जशीच्या तशी पेनड्राइव्हवर घालून दिली. रेखाला बजावलं, मोबाइलवरून कुणाला पाठवू नकोस, तिथं त्याचा मावा होतो.

त्यानंतर मी शेठकडे गेले आणि सांगितलं, यापुढे प्रत्येक लग्नातल्या मंगलाष्टकांचा नुसता आवाज मी बांधून ठेवणार. नुसत्या आवाजाला जागा कितीशी लागते? शेठ हो म्हणाले. त्या मोसमात बांधलेली आवाजांची गाठोडी आजही तिथं आहेत, मी तपासून ठेवलेली. पण बैल गेला आणि झोपा केला, त्यातली गत. त्या गाठोड्यांत गावातले सगळे आवाज आहेत, सरांचा नाही. वधूवरांची नावं निराळी, म्हणणारे निराळे, त्यामुळे ती फारशी दाबलीही जात नाहीत. मी निवृत्त झाले तेव्हा माझ्या जागी आलेल्या मुलीला तेवढं एकच बजावून आले की हे पुसू नकोस.

दिवाळीनंतर रेखाचं लग्न झालं. मंगलाष्टकं कुणी म्हणावीत यावर नातेवाइकांत चर्चा झाली, शेवटी सरांच्याच शाळेतल्या एका तरुण शिक्षकाला सांगितलं. त्याने माइक हातात घेतला आणि मला समोरून वहिनी येताना दिसल्या. नवरा गेलेल्या बाईने त्या वेळेला पुढे यावं हे आमच्याकडे अजूनही काही जणांना रुचत नाही. दोन-तीन बायका कुजबुजल्या. वहिनींनी कुणाकडे बघितलं नाही. स्टीलचा पेला घेऊन त्या सरळ स्टेजच्या पायरीपर्यंत गेल्या आणि तो माइकच्या दांड्याजवळ ठेवला. त्या शिक्षकाला वाटलं आपल्यासाठी आहे. त्याने हात पुढे केला. वहिनींनी नुसती मान हलवली, तसा त्याने हात मागे घेतला. मग तिथंच, पायरीशी, त्या उभ्या राहिल्या. त्या मुलाने बरी म्हटली. रेखा सगळा वेळ रडत होती. माझ्या हातातल्या अक्षता ओल्या झाल्या होत्या.

पंगती उठल्या, पाहुणे गेले, मांडववाले खुर्च्या एकात एक घालायला लागले. स्टेज आवरायला आलेल्या माणसाने तो भरलेला पेला उचलला आणि पाणी ओतून द्यायला वाकला.

"राहू दे भाऊ," वहिनी म्हणाल्या. "सरांचा आहे तो."